हिला सांगायचंय

टिल्लूने दुपारी डबा उघडला, पहिला घास तोंडात घातला आणि फोन किणकिणला. निरोप अनोळखी माणसाचा होता. ‘तुमचा कंपायलर बसवला. इंटरनेटवरच्या सूचनेप्रमाणे हिला-सांगायचंय नावाचं फोल्डर केलं, मग सगळं सुरळीत चाललं. मनापासून आभार. एकच शंका. हे फोल्डर रिकामं ठेवायचं, की त्यात काही घालायचं असतं?’ सगळा निरोप इंग्रजीत होता. मराठी तेवढे दोन शब्द होते, रोमन अक्षरांत, मध्ये एक आडवी रेघ. टिल्लूने घास चावला नाही, गिळलाही नाही. परक्या शहरात परक्या बाईच्या अंगावर आपल्या घरच्या चादरीचा झगा दिसावा, तसं त्याला झालं. शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब म्हणाले, “काय रे, खडा लागला?” त्याने मान हलवली. ती होकारार्थी हलली की नकारार्थी, हे भाऊसाहेबांना कळलं नाही आणि त्यालाही. भाऊसाहेब हे त्यांचं नाव नव्हतं, कचेरीतलं पदही नव्हतं. नुसता स्वभाव होता. टिल्लू हेही नाव लहानपणी पडलं तेव्हा बरोबर होतं. पुढे तो दाराच्या चौकटीला डोकं लागेपर्यंत वाढला, पण नावाला तसं कुणी कळवलं नाही.

कचेरीत पार्किंगच्या दांड्याचं सॉफ्टवेअर बनत असे. गाडी आली की दांडा वर, गाडी गेली की दांडा खाली. यात इतक्या वर्षांत तिसरी गोष्ट सुचली नव्हती आणि सुचली असती तर अपघात झाला असता. टिल्लूचा खरा जीव दुसरीकडे होता. दूरदेशीच्या कुणा प्राध्यापकाने हौसेनं एक प्रोग्रॅमिंगची भाषा काढली होती, फुकट, कुणीही घ्या, बदला, वाटा. त्या भाषेत माणसाने लिहिलेलं यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्रॅम म्हणजे तिचा कंपायलर. तो मूळ रूपात लोकांना दिला तर निम्मे लोक बसवतानाच हात टेकतात. म्हणून कुणीतरी तो आपल्या घरी बांधायचा, त्याचं नीट पॅकेज करायचं, आणि एका आज्ञेत कुणाच्याही यंत्रावर उतरेल असं ठेवायचं. हे कुणीतरी म्हणजे टिल्लू. पॅकेजच्या पानावर ‘सांभाळणारा’ या शब्दापुढे त्याचं टोपणनाव होतं. पगार शून्य. त्यात गंमत अशी, की हा कंपायलर त्याच भाषेत लिहिलेला होता. म्हणजे तो बांधायला आधी तोच हवा, आदल्या आवृत्तीचा. आदल्याला त्याच्या आदला. भाऊसाहेबांना हे एकदा समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, “म्हणजे आपल्याच खांद्यावर पाय देऊन भिंत चढायची. चढ बाबा.”

घास शेवटी कधीतरी खाली उतरला. डबा तसाच सारून टिल्लूने शोधलं आणि त्याला ती सूचना सापडली. एका नाही, बऱ्याच ठिकाणी. कंपायलर बसवल्यावर ‘अमुक फोल्डर सापडत नाही’ असं म्हणून थांबतो, घाबरू नका, ‘टिल्लू’ नावाचं एक फोल्डर करा, त्याच्या आत ‘हिला-सांगायचंय’ नावाचं दुसरं करा, आणि पुन्हा चालवा. खाली लोकांनी लिहिलं होतं, चाललं, धन्यवाद. कुठल्याशा विद्यापीठाने ही भाषा पहिल्या वर्षाला लावली होती आणि वर्गच्या वर्ग ते फोल्डर करून बसला होता. एकाने दोन्ही शब्द आपल्या भाषेतल्या जुळत्या शब्दांनी बदलून बघितले होते आणि ते चालत नसल्याची तक्रार केली होती. एकाचं ठाम मत होतं, की हिला ही उत्तरेकडची गणितज्ञ बाई असून टिल्लू तिचा विद्यार्थी. एकाने लिहिलं होतं, रिकामं फोल्डर बघवेना म्हणून मी त्यात माझ्या कुत्र्याचा फोटो ठेवलाय, काही अडचण आलेली नाही. चूक टिल्लूला वाचताक्षणी कळली होती. कंपायलर काम करताना अर्धवट फायली ठेवायला एक जागा घेतो आणि काम संपलं की त्या फायली पुसून टाकतो. पॅकेज बांधताना ती जागा ‘यंत्रावर जिथे सोयीची असेल तिथे’ अशी लिहायची असते. टिल्लूने लिहिली होती स्वतःच्या घरची. त्याच्या यंत्रावर ते फोल्डर होतंच, त्यामुळे त्याने जितक्या वेळा तपासलं तितक्या वेळा ते उत्तम चाललं होतं. आपल्याकडे चालतंय म्हणजे जगात चालतंय, हा भ्रम या धंद्यातल्या माणसांना कायमचा जडलेला असतो. टिल्लूला तो इतरांना झालेला ओळखता येत असे. मराठी येणारा कुणीही या भाषेच्या वाटेला गेलेला नाही, एवढाच त्याला त्या क्षणी आधार होता.

फोल्डरला ते नाव पडलं त्या संध्याकाळी घरात तो एकटा होता. बायको पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करायची. विहिरी, नळ, टाक्या, तलाव, सगळ्यांचं पाणी बाटल्यांतून तिच्यापुढे यायचं आणि ती त्यात काय आहे ते सांगायची. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेने तिला प्रमुख म्हणून बोलावलं होतं. ती नाचली नव्हती, नाचणाऱ्यांतली नव्हती. पण त्या रात्री तिने घरातली सगळी कपाटं आवरली होती, आणि टिल्लूला कळत होतं की हे नाचणंच आहे. मग ठरलं, टिल्लूने त्याच शहरात नोकरी बघायची, मिळाली की तिने होकार कळवायचा. टिल्लूला नोकरी मिळाली. पडद्यावरच्या मुलाखतीत तीन माणसं त्याला हसून बघत होती. कागद आले. त्यांत एक कलम होतं, की नोकरीत असताना बाहेर केलेलं कुठलंही काम कंपनीच्या मालकीचं, आणि असं काम आधी चालू असेल तर ते थांबवावं. एवढंच. टिल्लूने ते कलम वाचलं, खिडकीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा वाचलं आणि ‘क्षमस्व’ असं लिहून पाठवून दिलं. हात इतक्या सहज चालला, की पाठवल्यावर त्याने हाताकडे बघितलं. मग काय करावं ते न सुचून त्याने कंपायलरची नवी आवृत्ती बांधायला घेतली. कामाच्या फोल्डरला नाव हवं होतं. बोटांनी नाव दिलं. चारचौघांत ‘आमची ही’ म्हणणाऱ्या जुन्या पुरुषांना तो हसायचा. घरात बायकोला नावानेच हाक मारायचा. पण स्वतःशी बोलताना ती ‘ही’च होते, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं, आणि तेही किंचित लाजून त्याने पुढे ढकललं. तेव्हापासून रोज जेवताना ती विचारायची, “आलं का रे उत्तर?” तो म्हणायचा, “नाही अजून.” यात खोटं काय होतं? उत्तर येणारच नव्हतं, कारण ते गेलेलं होतं. असा बारीक कातलेला सच्चेपणा तो रोज ताटात घेऊन बसायचा, आणि तिने नव्या प्रयोगशाळेकडे पुन्हा मुदत मागितली की त्याला पाणी प्यावंसं वाटायचं.

आणि तीही अलीकडे विचित्र वागायला लागली होती. जेवण झाल्यावर समोर हात बांधून बसायची, जणू पडदा वर जायची वाट बघतेय. एका सकाळी उठवून त्याचं रक्त काढलं, स्वतःच, नेहमीच्या तपासणीसाठी म्हणून. चार दिवसांनी ‘सगळं नॉर्मल आहे’ असं जे म्हणाली ते जवळजवळ तक्रारीच्या सुरात. एकदा पायाची नखं कापता कापता, वर न बघता म्हणाली, “मला काहीही सांगितलंस तरी चालेल हं.” टिल्लू म्हणाला, “कशाबद्दल?” ती म्हणाली, “कशाहीबद्दल. हवामान म्हण.” त्याने हवामान सांगितलं. त्याला वाटलं, मुदतीचा ताण आहे बिचारीला. आज सकाळी केस बांधताना आरशातून म्हणाली, “आज शेवटचा दिवस. त्यांची कचेरी बंद व्हायच्या आत कळवायचंय. काही आलं?” “नाही अजून.” आरशातली ती त्याच्याकडे नको तितका वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “बरं. तू दगदग करून घेऊ नकोस.” दगदग हा शब्द तिने आजवर कुणासाठी वापरला नव्हता. तो शब्द टिल्लूच्या चपलेत खड्यासारखा शिरला होता आणि दुपारपर्यंत टोचत होता.

दुरुस्ती एका ओळीची होती. ती करून त्याने कंपायलर पुन्हा बांधायला लावला आणि पडद्यावरून ओळी वर सरकताना बघत बसला. एरवी हे बघताना त्याला शांत वाटायचं. कुणीतरी आपलं काम निमूट करतंय, मध्येच ‘आलं का उत्तर’ म्हणत नाहीये. आज त्या ओळी अंगावर येत होत्या. त्याला उगाच वाटायला लागलं, की कुठल्यातरी वर्गात एक मुलगा आत्ता ते नाव टाइप करतोय, अक्षर अक्षर जुळवत, चुकलं म्हणून पुन्हा. आणि त्याच्या शेजारचा, आणि त्याच्या मागचा. इतक्या लोकांनी इतक्या काळजीने लिहिलेलं हे वाक्य, त्यातल्या एकाचंही तिच्याशी नातं नाही. “भाऊसाहेब,” तो म्हणाला, “तुम्ही वहिनींपासून कधी काही लपवलंत?” भाऊसाहेब खुर्चीसकट वळले. “लपवायला काही असावं लागतं रे. मी इथे येतो, दांडा वरखाली करतो, घरी जातो. तिनेच मला चार गोष्टी सांगाव्यात अशी परिस्थिती. का, तू काय लपवलंस?” “एक फोल्डर.” “घाणेरडं?” “रिकामं.” भाऊसाहेबांनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, “रिकामं लपवू नये. त्यात लोकांना हवं ते दिसतं.” आणि खुर्चीसकट परत वळले. ते असं काही बोलून गेले की तासभर स्वतःवर खूश असत.

बांधणी संपली. या खेपेला टिल्लूने कोऱ्या यंत्रावर तपासलं, ज्यावर ना टिल्लू होता ना हिला. चाललं. बदलाची नोंद करावी लागते, तिथे त्याने लिहिलं, ‘कामाच्या जागेचा पत्ता दुरुस्त केला. आता वेगळं फोल्डर करण्याची गरज नाही.’ आणि बोट कळेवर ठेवून थांबला. हे पाठवलं की हळूहळू सगळीकडून ते वाक्य पुसलं जाणार. सूचना जुन्या होणार, वर्ग पुढच्या वर्षात जाणार, कुत्र्याचा फोटोही कुठेतरी हलवला जाणार. जगात ती एकच जागा होती जिथे त्याने हे म्हटलं होतं. ती आपणच बंद करतोय, हा विचार त्याला हास्यास्पद वाटला, आणि हास्यास्पद वाटूनही गेला नाही. त्याने पाठवलं. मग दुपारच्या त्या अनोळखी माणसाला कळवलं, की माझी चूक होती, नवी आवृत्ती घ्या, फोल्डर काढून टाकलंत तरी चालेल, त्यात काही घालायचं नसतं. पलीकडून लगेच उत्तर आलं. धन्यवाद. पण त्या शब्दांचा अर्थ काय, हे कळलं तर आवडेल. टिल्लूला लोकांनी विचारलं की उत्तर द्यायची सवय होती. या कामात त्याचा लौकिकच तो होता. प्रश्न कितीही बावळट असो, टिल्लू उत्तर देतो. त्याने लिहिलं, ‘त्याचा अर्थ, मला बायकोला एक गोष्ट सांगायची आहे.’ पलीकडून तीन शब्द उमटले. ‘मग सांगितलीत का?’

टिल्लू उठला. लॅपटॉप बंद न करता, डबा न घेता उठला. भाऊसाहेब म्हणाले, “अरे, अजून वेळ आहे सुटायला,” तेव्हा तो जिन्यात होता. पार्किंगमधून बाहेर पडताना दांडा त्याच्यासाठी वर झाला. त्याच्या उंचीमुळे यंत्र त्याला कधीकधी छोटी गाडी समजायचं, आणि ही चूक दुरुस्त करायचं काम कित्येक महिने त्याच्याच नावावर पडून होतं. रस्त्यावर ऊन उतरतीला लागलं होतं. दुकानांच्या काचांत एक उंच माणूस त्याच्याबरोबर घाईने चालत होता. वाक्य कसं करावं? नोकरी नाकारली, हे पहिलं. का, हे दुसरं. कलम होतं म्हणून. कलम काय होतं? फुकटचं काम सोडावं लागलं असतं. मग सोडायचं. इथे येऊन वाक्य दर खेपेला भिंतीवर आपटत होतं. सिग्नलला थांबला तेव्हा शेजारची बाई बाजूला सरकली. तो बहुतेक मोठ्याने बोलत होता.

प्रयोगशाळेत तिची ज्युनिअर दारातच भेटली. टिल्लूला बघून तिचा चेहरा एकदम मऊ झाला. “बसा ना, बसा,” म्हणत तिने धावत जाऊन खुर्ची आणली, खांद्याला धरून त्याला बसवलं आणि पाण्याचा ग्लास हातात दिला. “मॅडमना बोलावते. तुम्ही उठू नका हं.” टिल्लूने ग्लासातलं पाणी बघितलं. या लोकांनी दिलेलं पाणी तरी स्वच्छ असणार, असं मनाशी म्हणून प्यायला. बायको पांढऱ्या कोटात, हातमोजे ओढत आतून आली. भोवती रॅकवर बाटल्या होत्या, प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी.

“काय झालं? चक्कर आली?”

“नाही. मला तुला एक सांगायचंय.”

ती समोरच्या स्टुलावर बसली. ज्युनिअर पाय न वाजवता बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

“माहीत आहे,” ती म्हणाली. “सांगायचंय हे माहीत आहे. काय ते सांग. कुठला आहे?”

“कुठला काय?”

“आजार.”

टिल्लूने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

“आमच्या नव्या यंत्राचा हिशेब करायला एक प्रोग्रॅम आहे,” ती म्हणाली, संथपणे, लहान मुलाला सांगावं तसं. “त्याला तुझा तो कंपायलर लागतो. ही माझी ज्युनिअर बसवत होती, अडलं. म्हणाली, मॅडम, बघा ना, मराठीसारखं काहीतरी मागतंय. टिल्लू नावाचे जगात असतील दोनचार. त्यातले कंपायलर सांभाळणारे किती? मीच टाइप केलं मग. तिचा हात चालेना.” तिने हातमोजे मांडीवर ठेवले. “म्हटलं, सांगेल. रोज वाट बघितली. बाई असेल म्हणून दोन दिवस तसं बघितलं, पण तुला कुठला वेळ. मग रक्त बघितलं. नॉर्मल आलं, म्हणून दुसऱ्या लॅबला पाठवलं. तेही नॉर्मल. म्हटलं, यंत्रांना सापडत नाहीये, म्हणजे मोठंच काहीतरी आहे.”

“मला काही झालेलं नाही.”

“खरं सांग.”

“खरंच काही नाही. मला ती नोकरी मिळाली होती. मी नको म्हटलं. तेव्हाच. कधीच.”

ती पुढे वाकली आणि तळवा त्याच्या छातीवर ठेवून बसली. तिच्या खांद्यांतून काहीतरी सुटत गेल्यासारखं तिचा श्वास खाली गेला. टिल्लूला वाटलं, संपलं, एवढंच होतं, इतकं सोपं होतं. मग तिने हात काढून घेतला.

“म्हणजे तू ठणठणीत आहेस.”

“हो.”

“ठणठणीत आहेस,” ती पुन्हा म्हणाली, आणि या खेपेला तो आरोप होता. “मी सकाळी इथे आल्या आल्या त्यांना नाही म्हणून कळवलं. आजारी माणसाला घेऊन नव्या गावात कुठे दवाखाने शोधत फिरू, म्हणून. माझ्या जागी दुसरं नावही सुचवून टाकलं.”

बाटल्यांच्या रॅकमागे कुठलंतरी यंत्र एका सुरात घुमत होतं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “बाहेर थांब,” ती म्हणाली. “तू समोर असलास तर मला बोलता यायचं नाही.”

बाहेरच्या बोळात तो भिंतीला टेकून उभा राहिला. दाराला काच होती. आत ती फोन कानाला लावून फेऱ्या मारत होती, एका हाताने बाटल्यांच्या चिठ्ठ्या सरळ करत. बोलणं ऐकू येत नव्हतं. ती एकदा थांबली, कपाळाला हात लावला. मग हसली. कुणाला हसली, कशाला हसली, ते कळायला मार्ग नव्हता; पण ते हसणं टिल्लूने बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं, आणि ते फोनमधल्या परक्या माणसासाठी होतं. ज्युनिअर शेजारी येऊन उभी राहिली. “तुम्ही बसत का नाही?” ती म्हणाली. “मी बरा आहे,” टिल्लू म्हणाला. “हो हो,” ती घाईने म्हणाली, “होणारच बरे.”

बायको बाहेर आली तेव्हा कोट काढलेला होता. “सकाळी नाही म्हणणाऱ्या बाईला दुपारी हो म्हणता येतं का, विचारलं. म्हणाले, कागद अजून टेबलावरच आहे. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं. राहायला एका माणसापुरती खोली देतील.” ती थांबली. “चालेल म्हटलं.”

“एका माणसापुरती.”

“त्यांनी विचारलं किती जण. मला उत्तर माहीत नव्हतं.” तिने दाराशी ठेवलेला बाटल्यांचा क्रेट पायाने त्याच्याकडे सरकवला. “हे खाली गाडीत ठेवायचेत. उचल. तुला आता काही झालेलं नाही. सांडू नकोस, उद्या दुसऱ्या लॅबला द्यायचे नमुने आहेत.”

त्याने क्रेट उचलला. भरलेल्या बाटल्या वाटतात त्यापेक्षा जड होत्या. ती पुढे, तो मागे, असे ते जिना उतरायला लागले. प्रत्येक पायरीला बाटल्या किणकिणत होत्या. पहिला मजला गेला तेव्हा ती वळून न बघता म्हणाली, “कारण सांग. कलमबिलम नको. खरं कारण.”

“त्या कंपायलरपायी मला लोक विचारतात,” टिल्लू म्हणाला. आवाज जिन्यात फार मोठा वाटला, म्हणून त्याने तो खाली आणला. “कुठून कुठून विचारतात. हे चालत नाही, ते कसं करायचं. मी नसलो तर अडतं त्यांचं. म्हणजे बहुतेक अडत नाही, दुसरं कुणीतरी सांगेल. पण विचारतात मला. कचेरीत दांडा वर जातो, खाली येतो, त्यात विचारण्यासारखं काही नाही. आणि त्या नोकरीसाठी ते सोडलं असतं, तर मग मला कुणीच काही विचारणार नव्हतं.”

ती थांबली. जिन्याच्या वळणावर, कठड्याला हात लावून, त्याच्याकडे पाठ करूनच.

“मीपण विचारत होते,” ती म्हणाली. “रोज, जेवताना.”

मग ती उतरत गेली. टिल्लू दोन्ही हातांत क्रेट धरून वळणावर उभा राहिला. तो खाली ठेवावासा वाटत होता, पण वाकलं तर पाणी सांडेल अशी भीती होती, आणि खालून दार उघडल्याचा आवाज आला, ते बंद झाल्याचा आला नाही.